भुजंगाच्या मानेजवळचे चार तारे

गेल्या उन्हाळ्यात मी चार नवे रूपविकारी तारे शोधून काढले. चारही खोटे निघाले. पहिला खोटा निघाला त्याच आठवड्यात मी मुकाट्याने डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो असतो, तर हे लिहिताना उजवा डोळा मिटून घ्यावा लागला नसता. मिटून घेतो, कारण तो उघडा असला की ज्या अक्षराकडे बघावं नेमकं तेच पुसल्यासारखं होतं, आणि मग मला अक्षरांऐवजी शिव्या सुचतात.

रूपविकारी म्हणजे ज्यांचा प्रकाश कमीजास्त होत राहतो असे तारे. कुणाचा काही तासांत, कुणाचा काही महिन्यांत. नगरला एका कॉलेजात तीस वर्षं मी भौतिकशास्त्र शिकवलं आणि त्यातली निदान वीस वर्षं शनिवारची संध्याकाळ या ताऱ्यांच्या मागे घालवली. दुर्बीण घरची. तिचा आठ इंची आरसा मी स्वतः घासलाय. तो एका बाजूला किंचित जास्त घासला गेलाय, हे आजवर फक्त मला आणि आरशाला ठाऊक होतं. त्याचा एक फायदा असतो. काही धड दिसलं नाही की मनातल्या मनात आरशावर ढकलून मोकळं होता येतं. हाच फायदा मला नडला.

भुजंग नावाचा एक तारकासमूह आहे. त्यात सापाच्या मानेच्या जरा खाली एक बंदिस्त तारकागुच्छ आहे, लाखो ताऱ्यांचा गच्च गोळा. लहान दुर्बिणीत तो काळ्या पाटावर सांडलेल्या पिठासारखा दिसतो. माझ्या दुर्बिणीत, हवा चांगली असली तर, कडेचं पीठ सुटं होऊन एकेक कण दिसायला लागतो. त्या गर्दीतल्या रूपविकारी ताऱ्यांच्या याद्या केव्हाच झाल्यात. बहुतेक तारे इतके मंद, की ते माझ्या डोळ्याचं काम नाही, कॅमेऱ्याचं आहे. पण कडेच्या ठळक ताऱ्यांपैकी एखादा हळूच मिचमिचत असेल आणि सगळ्यांच्या नजरेतून सुटला असेल तर? तसं असण्याची शक्यता जवळजवळ नाहीच. पण निवृत्त माणसाला ‘जवळजवळ’ हा शब्द पुरतो.

कॅमेरावाला होता तो माझा राहुरीचा मित्र. कॉलेजात एका बाकावर बसायचो, म्हणून अरे-तुरे. त्याच्या गच्चीवर मोटारीने फिरणारी दुर्बीण आहे. तो रात्री शंभर फोटो घेतो आणि सकाळी चहा पिता पिता कॉम्प्युटरला एका फोटोतून दुसरा वजा करायला लावतो. जे तसंच राहिलं ते वजा होऊन जातं, जे बदललं तेवढा ठिपका उरतो. याला तो तारे शोधणं म्हणतो. मी त्याला हजेरी घेणं म्हणतो.

“तू अजून डोळ्यानेच अंदाज घेतोस?” तो फोनवर विचारायचा. “नाडी बघणारा वैद्य झालास की रे.”

“वैद्याच्या हाताला गुण असतो,” मी म्हणायचो.

मला त्याच्या आधी एक तारा सापडायला हवा होता. एकच. एवढी साधी, पोरकट गोष्ट होती ती.

दुर्बीण मी मेव्हण्याच्या रानात नेतो. बायकोचा हा धाकटा भाऊ कर्जतजवळ लिंबाची बाग सांभाळतो. त्याच्याकडे अंधार चांगला आहे. शनिवारी दुपारी मी आणि बायको गाडीने जायचो आणि रात्री अकराला परत निघायचो, कारण रविवारी सकाळी चर्चमध्ये उपासनेला हजर राहावं लागतं आणि बायबलमधला शास्त्रपाठ वाचण्याचं काम बऱ्याचदा माझ्याकडे असतं. मेव्हणा दुर्बीण उतरवायला मदत करायचा आणि दरवेळी एक काठी आणून माझ्या खुर्चीला टेकवून ठेवायचा.

“दाजी, पलीकडच्या वस्तीवरनं बिबट्यानं शेळी नेली. वर बघताना खाली बी बघत जावा.”

“दोन्हीकडे कसं बघू?”

“मग आवाज करत ऱ्हावा. गानं म्हना.”

मी गायलो तर बिबट्या जाईल आणि बायकोही जाईल, हे त्याला माहीत होतं.

डोळ्याने अंदाज घेण्याची रीत सोपी आहे. ज्याच्यावर संशय त्याच्या शेजारचे दोन तारे घ्यायचे, एक जरा ठळक, एक जरा मंद. त्यांच्या तेजाचे आकडे नकाशात असतात. आपला तारा त्या दोघांच्या मध्ये कुठे बसतो ते ठरवायचं आणि वहीत लिहायचं. आणखी एक खुबी आहे. अगदी मंद ताऱ्याकडे सरळ बघितलं की तो नाहीसा होतो, कारण नजरेचा मधला भाग अंधारात अधूच असतो, सगळ्यांचाच. म्हणून जरा बाजूला बघायचं आणि तारा डोळ्याच्या कोपऱ्यातून टिपायचा. आम्ही याला तिरकी नजर म्हणतो. वीस वर्षांत ती माझ्या इतकी अंगवळणी पडलीय, की बायको म्हणते, “अहो, बोलताना माझ्याकडे बघा. माझ्या कानाशी काय बोलताय?”

एप्रिलमध्ये पहिला तारा सापडला. गुच्छाच्या पूर्वेच्या कडेला तीन ताऱ्यांची एक वाकडी ओळ आहे, त्यातला मधला. आदल्या शनिवारी तो तिघांत ठळक होता. या शनिवारी मी त्याच्यावर नजर रोखली आणि तो माझ्यासमोर विझत गेला. फुंकर मारल्यासारखा नाही, तर कुणीतरी वात हळूहळू आत ओढून घ्यावी तसा.  तारे असे मिनिटाभरात विझत नाहीत, हे मी दरवर्षी अकरावीला शिकवत होतो. तरी मी लिहिलं: ‘झपाट्याने मंद.’ आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

मित्राला फोन केला. त्याने त्याच रात्री त्या ताऱ्यावर कॅमेरा लावला. दोन दिवसांनी उत्तर आलं, “पाटासारखा सरळ आहे. हललेला नाही.”

“तुझा पाटच वाकडा असेल.”

“असेल बाबा. दुसरा शोध.”

दुसरा लगेच सापडला, पुढच्याच शनिवारी. तोही बघता बघता विझला. तिसरा मेच्या सुरुवातीला. गंमत अशी, की मी ज्याच्याकडे संशयाने बघायचो तो मंद व्हायचा आणि ज्याच्यावर माझा काही संशय नसायचा तो कडेला बसून छान चमकत राहायचा. शाळेत एक मास्तर असतात, ते ज्या पोराकडे रोखून बघतात त्याच्या तोंडचं पाणी पळतं. तशी आपल्या नजरेला काहीतरी धार आली असावी असं मला वाटलं. हसू नका. वाटलं खरं.

त्याच दिवसांत घरात बारीकसारीक गोष्टी घडायला लागल्या. मी कपात चहा ओतला तो कपाच्या शेजारी गेला, सरळ, ठाम, एक थेंब न चुकता. बायकोने फडकं आणलं आणि काही बोलली नाही. ती बोलली नाही की मला भीती वाटते. मग दरवाज्याच्या कडीला हात गेला तो चार बोटं अलीकडे. सुईत दोरा ओवणं हे माझं काम होतं, कारण तिला चष्म्यातूनही जमत नाही. ते तिने गुपचूप शेजारणीकडे दिलं.

मग तो रविवार. शास्त्रपाठ वाचून झाला, मी पुस्तक मिटलं आणि वेदीच्या दोन पायऱ्या उतरायला निघालो. एक पायरी उतरलो. दुसरी मी पाय ठेवला तिथे नव्हती. भर मंडळीसमोर मी हात पसरून पहिल्या बाकापर्यंत गेलो आणि तिथे बसलेल्या एका वयस्कर बाईंच्या मांडीवर शास्त्र, चष्मा आणि माझं डोकं असं सगळं एकदम ठेवलं. त्या म्हणाल्या, “बस, बस बाळा.” मंडळी हसू दाबत होती. पाळकांनी गुडघ्यासाठी प्रार्थना केली. मी सगळ्यांना सांगत सुटलो, की सँडल नवी आहे, तळवा घसरतो. सँडल मागच्या नाताळातली होती. बायकोला माहीत होतं.

तिसरा ताराही सरळ निघाला तेव्हा मित्र फोनवर हसला नाही.

“एक विचारू? तू जो जो बघतोस तो तो मंदच कसा होतो रे? रूपविकारी तारा वरही जातो. तुझा एकही वर गेला नाही.”

“माझ्या नशिबात उतरतेच आले.”

“शुगर किती आहे तुझी?”

“ताऱ्याचा आणि शुगरचा काय संबंध?”

“डोळे कधी तपासलेस?”

मी त्याला म्हणालो, की ज्याला स्वतःच्या डोळ्याने आयुष्यात एक तारा ओळखता आला नाही, त्याने दुसऱ्याचे डोळे काढू नयेत. तो “बरं” म्हणाला. मी फोन ठेवला आणि तीन आठवडे उचलला नाही. शुगर मला बारा वर्षांपासून आहे. डोळे दरवर्षी तपासायचे असतात. मी चार वर्षं गेलो नव्हतो. कारण काय, तर चष्म्याचा नंबर बदलला नव्हता आणि मला वाटायचं, ज्याला गुच्छातले कण सुटे दिसतात त्याला डॉक्टर काय दाखवणार.

ते तीन आठवडे मला आज परत हवेत. दुसरं काही नको.

चौथा तारा त्या तीन आठवड्यांतल्या शेवटच्या शनिवारचा. साडेनऊ वाजले होते, गुच्छ डोक्यावर आला होता. वारा पडला होता आणि बागेतलं काही हलत नव्हतं. मेव्हण्याचं कुत्रं, एरवी माझ्या पायाशी झोपणारं, त्या दिवशी घराच्या ओट्यावरून खाली उतरायला तयार नव्हतं. मी मनातल्या मनात बिबट्याला नमस्कार केला आणि भिंगाला डोळा लावला. चौथा तारा दोन मिनिटांत विझला. मी खूश. मग सहज गुच्छाच्या मध्यावर नजर नेली, जिथे सगळ्यात गच्च गर्दी असते, जिथे नेहमी दुधाची साय आल्यासारखा उजेड असतो. तिथे काही नव्हतं. कडेने तारे होते, गोल, नीट, आणि मधोमध एक करडं भोक. मी दुर्बीण हलवली. भोक माझ्याबरोबर हललं.

भिंगावर दव पडलं असेल म्हणून रुमालाने पुसलं. उन्हाळ्यात कर्जतला दव! तेवढ्यात उजव्या डोळ्यात एक चिलट गेलं. डोळा चोळत मी वीस वर्षांत पहिल्यांदा डावा डोळा भिंगाला लावला. साय होती. तारे होते. चौथा तारा जिथल्या तिथे, ठणठणीत. चिलट निघालं, पुन्हा उजवा लावला. भोक.

 मी बायकोला हाक मारली. ती भावजयीबरोबर पडवीत बसली होती, आली. मी तिला भिंगातून बघायला सांगितलं.

“काय दिसतं?”

“तारे. पुष्कळ.”

“मधे?”

“मधे तर सगळ्यात जास्त. का?”

मी सांगितलं. मला वाटलं होतं ती रागावेल. ती फक्त म्हणाली, “चहा तुम्ही गेला महिनाभर बाहेर ओतताय. मला वाटलं मेंदूचं काही आहे. मी कुणाला बोलले नाही.” म्हणजे ती महिनाभर त्या भीतीबरोबर एकटी राहत होती आणि मी तारे शोधत होतो.

नगरच्या डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घालून आतला पडदा बघितला, खूप वेळ बघितला. तरुण बाई होत्या. माझ्या हाताखाली शिकून गेलेल्या मुलींच्या वयाच्या.

“सर, शुगरमुळे पडद्याच्या रक्तवाहिन्या गळतात. उजव्या डोळ्यात नेमकं मधोमध पाणी साचलंय. हे कधीपासून?”

“तीन आठवडे,” मी म्हणालो.

बायको म्हणाली, “खोटं. जास्त.”

“इतक्या उशिरा सहसा कुणी येत नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “मधलं दिसेनासं झालं की माणूस घाबरून धावत येतो. मग काही महिन्यांनी तो बाजूने बघायला शिकतो. तुम्ही बाजूनेच बघत होतात का?”

वीस वर्षांची माझी विद्या ती. मी मान डोलावली.

डोळ्यात इंजेक्शन देतात. भूल असते, दुखत नाही, पण सुई येताना दिसते. दर महिन्याला एक. उजव्याचा मध्य पुरता परत येणार नाही, एवढं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. मग म्हणाल्या, “डाव्यातही गळती सुरू आहे. पण मध्यापासून लांब. ती मध्यात शिरू द्यायची नाही. शिरायला लागली की त्याच दिवशी या. दुसऱ्या दिवशी नाही.” आणि त्यांनी चौकटीचा एक कागद दिला, मधे ठिपका. रोज सकाळी एक डोळा झाकून ठिपक्याकडे बघायचं. रेघा वाकड्या दिसल्या की निघायचं.

कागद मी कपाटाला चिकटवला. रोज बघत होतो. रेघा सरळ दिसायच्या. पण मला माहीत आहे ना त्या सरळ आहेत! तीस वर्षं मुलांना आलेख काढायला लावले, चौकटीचा कागद माझ्या डोक्यात छापलेला आहे. मला दिसतं ते कागदावरचं, की डोक्यातलं, हे कोण सांगणार? पडद्याने मला एकदा फसवलं होतं. आता मीच फसायला तयार बसलो होतो.

मित्राला फोन केला. माफी मागायची होती, ती मागताना त्याने मला चार शिव्या दिल्या म्हणून सोपं गेलं. मग तो राहुरीहून आला, माझी वही घेऊन गेला आणि आठवड्याने एक आलेख घेऊन परत आला. मी वहीत लिहिलेला प्रत्येक अंदाज त्याने खऱ्या तेजाशी ताडून पाहिला होता. हिवाळ्यातल्या ताऱ्यांसाठी त्याने आमच्या निरीक्षक मंडळातल्या इतरांचे आकडे घेतले होते. दिवाळीपर्यंत ठिपके एका ओळीत. जानेवारीपासून ओळ खाली कलायला लागली होती. माझा पहिला तारा सापडला त्याच्या तीन महिने आधी.

“हा तुझ्या उजव्या डोळ्याचा वक्र,” तो म्हणाला. “एप्रिलमध्ये नाही, जानेवारीत जायला हवं होतं.”

जानेवारीपासूनचे सगळे अंदाज रद्द समजावेत, असं पत्र मी मंडळाला लिहिलं. कारण दिलं नाही. मग विचारलं, “डाव्याचा वक्र काढता येईल?”

“ठिपके कुठे आहेत? तू डावा कधी वापरलास?”

ठरलं ते असं. तो फोनवर एकेक तारा सांगणार, मी डाव्या डोळ्याने, सरळ नजरेने अंदाज सांगणार. खरे आकडे त्याच्याजवळ. मला काही कळू द्यायचं नाही. इथे डोक्याला आधीपासून काही माहीत नसल्यामुळे ते मला फसवू शकणार नव्हतं. पहिल्या शनिवारी दहा तारे झाले. तो तोंडाने सतत काहीबाही बडबडत होता, माझ्या आवाजाची नक्कल करत होता. “उत्तम,” म्हणाला. “वैद्यबुवा पास.”

दुसऱ्या शनिवारी आकाश विटलेलं होतं, पश्चिमेला ढगांची भिंत उभी होती, पण भुजंगाची बाजू मोकळी होती. मेव्हणा शेजारी उकिडवा बसून फोन माझ्या कानाजवळ धरून होता, कारण मला दोन्ही हात दुर्बिणीला लागत होते. पुन्हा दहा तारे. पाचव्यापर्यंत मित्र बडबडत होता. सहाव्यानंतर नुसतं “पुढचा” म्हणायला लागला.

“आठवा परत सांग,” तो म्हणाला.

मी परत बघितला, परत सांगितला.

“सरळ बघतोयस ना? तिरकं नाही?”

“सरळ.”

“सहावा सांग बरं पुन्हा.”

सांगितला. पलीकडे कागदाचा आवाज आला.

“डॉक्टरांची तारीख कधीची आहे तुझी?”

“अठरा दिवसांनी. का?”

“मेव्हण्याला दे फोन.”

“मला सांग की.”

“त्याला दे.”

फोन त्याच्याच हातात होता. त्याने तो स्वतःच्या कानाला लावला आणि उठून चार पावलं लांब गेला. मला त्याची पाठ दिसत होती. “व्हय,” तो म्हणाला. “व्हय... न्हाई, म्या असतो की संगं. सकाळी पयल्यांदा डाक्टरकडंच. ताईला सांगतो, उपासनेचं ऱ्हाऊ दे म्हनावं.”

परत आला तेव्हा त्याने माझा फोन स्वतःच्या खिशात घातला आणि दुर्बिणीचं झाकण हातात घेतलं.

“दाजी, आवरा. आत्ताच नगरला जायाचं, गाडी म्या चालवतो.”

“अजून दोन तारे राहिलेत.”

“ऱ्हाऊ द्या.”

“एक मिनिट,” मी म्हणालो. तो झाकण धरून उभा राहिला. मी डावा डोळा भिंगाला लावला आणि राहिलेले दोन्ही तारे बघितले, सरळ, जेवढा वेळ त्याने बघू दिलं तेवढा वेळ. वही मांडीवर उघडी होती. काही लिहिलं नाही.